नाशिकच्या वहीतली नोंद

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे माणूस गेलं की दुसऱ्याच दिवशी माझ्या दाराची बेल वाजते. अस्थी नाशिकला न्यायच्यात, तिथलं काय, कसं, जरा सांगता का? मी सांगतो. मुलुंड चेकनाक्यावरून सकाळी सहाला निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत कसारा घाट मागे पडतो. पंचवटीत गाडी आत घालू नका, लांब लावा आणि रामकुंडावर चालत जा. चार जण अंगावर आले तर गोंधळू नका, फक्त आपलं मूळ गाव सांगा. तिथल्या उपाध्यांकडे गावं वाटलेली आहेत. तुमच्या गावाची वही ज्यांच्याकडे असेल त्यांच्या दारात कुणीही नेऊन सोडेल. तुमच्या घरातला जो जो माणूस तिथे अस्थी घेऊन गेला, त्याची नोंद त्या वहीत असते. आजोबांची, पणजोबांची. गुरुजी ती वाचून दाखवतात, मग आपली नोंद करतात आणि खाली आपण सही करायची.

"कसं सगळं पाठ आहे हो तुम्हाला," लोक म्हणतात.

पाठच होतं. माझे वडील गेले त्याला आता बारा-तेरा वर्षं होतील. त्यांच्या अस्थी मी नाशिकला सोडल्या असं आई, बायको, बहीण, सगळी बिल्डिंग धरून चालली होती. मी त्या नाशिकला नेल्याच नव्हत्या. गेल्या वर्षापर्यंत ते गाव मी डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

हे लिहिताना हात थांबतोय. पण आता लिहितो.

आम्ही मूळचे मालवणकडचे, खाडीच्या काठचे. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन झाले आणि आम्ही नाहूरला राहायला आलो. आजोबांच्या अस्थी घेऊन ते नाशिकला गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते पुढे जन्मभर सांगत राहिले. वहीत त्यांच्या आजोबांचा अंगठा होता, वडिलांचा अंगठा होता, आणि त्याखाली त्यांनी स्वतः सही केली. गिरणीतल्या सोबत्याने शिकवलेली, जोडाक्षराशी अडखळणारी सही. आमच्या घरातली त्या वहीतली पहिली. "आता माझ्या खाली तुझी येतली," ते म्हणायचे. जेवताना म्हणायचे, दाढी करताना म्हणायचे. मी हसायचो. मरणाबद्दल ते इतकं सहज बोलायचे की ते खरंच मरतील असं वाटायचंच नाही.

ते गेले माघातल्या षष्ठीला. तिसऱ्या दिवशी, अष्टमीला, सकाळी स्मशानात अस्थी गोळा केल्या, मडक्यात भरल्या, वर लाल फडकं बांधलं. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून तिथूनच मी परस्पर नाशिकला जायचं ठरलं होतं. बहिणीचे यजमान सोबत येतो म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांच्यासमोर रडू येईल याची मला लाज वाटत होती.

मडकं कापडी पिशवीत घालून मी चेकनाक्यावर उभा राहिलो. पिशवी हातात धरवेना आणि खाली ठेवणं बरोबर दिसेना, म्हणून छातीशी धरली. उन्हाने मडकं कोमट झालं होतं. जरा हललो की आत काहीतरी सरकायचं. तो आवाज मला अजून येतो. भांडं घासताना आत वाळू राहिली की येतो तसा.

तेवढ्यात ऑफिसमधून फोन आला. माझं ऑफिस घाटकोपरला. आमच्यातलाच एक जण दबक्या आवाजात बोलत होता. "अरे, साहेब आज दोन वाजता एकेकाला आत घेणारेत. कोण राहणार, कोण जाणार, त्याची यादी आलीये. तुझं दुःख समजतं यार, पण तू नसलास तर तुझ्या नावाचं काय होईल सांगता येत नाही."

मी त्या वेळी साधा विचार केला असता तर मडकं परत स्मशानात नेलं असतं. लोक तिथे ठेवतात, झाडाला बांधून ठेवतात, सवडीने नेतात. हे मला माहीत होतं. पण डोक्यात एकच होतं, की दोनच्या आत ही पिशवी माझ्या हातात नको. नोकरीची भीती होती, हे खरं. ती आई-बायकोला सांगता आली असती. दुसरी भीती सांगण्यासारखी नव्हती. मला त्या मडक्याची भीती वाटत होती. ज्यांच्या खांद्यावर बसून मी लहानपणी दशावतार बघितला, ते आत सरकत होते, आणि मला पळून जायचं होतं.

रिक्षा केली. हायवे ओलांडून, मिठागरांच्या पलीकडे, जिथे कच्चा रस्ता संपतो आणि तिवरं सुरू होतात तिथे उतरलो. खाडी म्हणजे पाणी, पाणी म्हणजे समुद्र, समुद्राला सगळ्या नद्या मिळतात, गोदावरीही मिळते. असं काहीतरी मी मनात जुळवत होतो.

आमच्या गावात शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही भरतीचं गणित येतं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता भरती. आठ पाऊण सहा. म्हणजे अष्टमीला सहाला भरती, बाराला पुरी ओहोटी. वर अष्टमीचं पाणी म्हणजे भांगाचं पाणी. त्या दिवसांत पाणी धड चढत नाही, काठाला लागत नाही. काठ भिजतो तो पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला. हे मला वडिलांनीच शिकवलं होतं, होडीची वाट बघत बसलेलो असताना, बोटांवर. आणि मी त्यांनाच घेऊन अष्टमीला दुपारी साडेबारा वाजता खाडीच्या काठावर उभा होतो.

समोर पाणी नव्हतं. चिखल होता, लांबपर्यंत, चकचकीत, काळा. पाण्याची रेघ खूप पुढे होती आणि तिथे पक्ष्यांची गुलाबी रांग. मी डोळे मिटले, नाव घेतलं आणि जोर लावून पिशवी फेकली. मला वाटलं होतं लांब जाईल. जेमतेम दहा पावलांवर पडली. मडकं पिशवीतून निसटलं, फुटलं नाही, चिखलात अर्धं रुतून उभं राहिलं. तोंड वर. लाल फडकं तसंच बांधलेलं.

मी पुढे गेलो. दुसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत गेलो. पाय ओढला तर चप्पल आत राहिली. चिखल खाली ओढतो म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. भोवती एक माणूस नाही. एक बगळा उडत आला आणि मडक्याजवळ उतरला. ते बघायला मी थांबलो नाही.

ऑफिसमध्ये मला चार मिनिटं आत ठेवलं. "तुम्ही राहताय," एवढंच सांगितलं. मी ओल्या पँटने, कुठल्याशा टपरीवरून घेतलेल्या रबरी चपलांत उभा होतो. साहेबांनी खाली चपलांकडे पाहिलं.

संध्याकाळी घरी जाताना स्टेशनजवळच्या पूजेच्या दुकानातून गंगेचा सीलबंद गडू घेतला आणि शेजारून नाशिकचा म्हणून चिवड्याचं पाकीट. आई दारातच बसली होती.

"गुरुजी गावले?"

"गावले."

"वही काढली?"

"काढली."

"सही बघितलंस तेंची?"

"बघितली. निळ्या शाईत आहे." हे निळं कुठून आलं ते मला आजही सांगता येत नाही.

"आणि तू केलंस तेच्या खाली?"

"केली."

तिने माझे पाय बघितले. नखांत काळं अडकलेलं होतं. "नाशकात इतको चिखल?"

"घाटावर होता," मी म्हणालो. तिने मान हलवली, गडू देवापाशी ठेवला आणि ते गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली.

त्या गावाचा इतिहास मी वाचायला लागलो तो भक्तीने नाही, पकडला जाऊ नये म्हणून. आई दर आठवड्याला काहीतरी विचारायची. कुंड केवढं आहे? सीतेची गुंफा बघितलीस? मग मी रस्त्यावरच्या पुस्तकवाल्याकडून नाशिकचं माहात्म्य सांगणारं एक पातळ पुस्तक आणलं, पुढे फोनवर बघत गेलो. शूर्पणखेचं नाक तिथे कापलं म्हणून नासिक. पाच वडांची पंचवटी. गोदावरी त्र्यंबकला उगम पावते, आणि तीही एका पापामुळे. गौतमाच्या हातून शेतात शिरलेली गाय मेली, ते पाप धुवायला त्याने गंगा खाली आणली, म्हणून तिथले लोक गोदेला गंगाच म्हणतात. वनवासात रामाला दशरथ गेल्याचं कळल्यावर त्याने बापाचं श्राद्ध रामकुंडावर केलं. त्या पाण्यात अस्थी विरून जातात अशी श्रद्धा, म्हणून सगळा देश तिथे हाडं घेऊन येतो. वनवासात, हाताशी काही नसताना एक मुलगा आपल्या बापाचं करतो, ही गोष्ट मी आईला तीन-चार वेळा सांगितली असेन. दर वेळी मी ती मागच्यापेक्षा चांगली सांगायचो.

कपालेश्वराची गोष्ट मात्र मी वगळायचो. रामकुंडाच्या वरच महादेवाचं हे देऊळ आहे आणि समोर नंदी नाही. महादेवाच्या हातून ब्रह्मदेवाचं पाचवं डोकं उडालं, ती कवटी हाताला चिकटली, काही केल्या सुटेना. एका गोऱ्ह्याच्या हातूनही मालकाची हत्या झाली होती, अंग काळं पडलं होतं. त्याने रामकुंडात बुडी मारली आणि पांढरा झाला. महादेवाने त्याचं बघून तसंच केलं. म्हणून तिथे नंदी गुरू, आणि गुरूला आपल्यासमोर बसवत नाहीत. एवढा मोठा देव, पण त्यालाही त्या काठापर्यंत स्वतः जावं लागलं. मी वाचलं आणि पुस्तक उशीखाली ठेवलं.

हळूहळू मी नाशिकचा जाणकार झालो. बिल्डिंगमधून, मग ऑफिसमधून लोक विचारायला यायला लागले. एकदा डबा खाताना मी काळाराम मंदिराचं सांगत होतो. काळा पाषाण, पेशवाईतल्या सरदाराने बांधलेलं, कळस असा, मंडप तसा. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी ऐकत होता. त्याचं गाव नाशिक जिल्ह्यातलंच, घराणं आता बौद्ध. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, एरवी मस्करीखोर.

"तू कुठल्या दाराने आत गेलास रे?" त्याने विचारलं.

"मोठ्या."

"चारी बाजूंना दारं आहेत. कुठल्या?"

मी डबा ढवळत राहिलो.

"माझे पणजोबा त्यातल्या एका दाराबाहेर उन्हात बसले होते. आत घ्या म्हणून. मारही खाल्ला. आता आमचं त्या देवळाशी काही नाही, पण ते दार बघायला मी मुद्दाम गेलो होतो. तू कळसाचं सांगतोस, पायऱ्यांचं सांगतोस, दाराचं कधी बोलत नाहीस." मग तो जरा जवळ सरकला. "गेलाच नाहीस ना तू?"

मी डब्याचं झाकण लावलं. माझ्या पुस्तकात त्या बसलेल्या माणसांबद्दल एक ओळ नव्हती, आणि मी पुस्तकाबाहेरचं काही सांगूच शकत नव्हतो. त्याला एवढं पुरलं. त्याने कुणाला सांगितलं नाही, फक्त त्या दिवसापासून मला 'नाशिककर' म्हणायला लागला. "काय नाशिककर, चहा?" लोकांना ते कौतुक वाटायचं. मी पटकन उठून चहाला जायचो. एकदा तो घरी आला होता आणि आईसमोर बोलून गेला, "आमचे नाशिककर कुठायत?" आई हसली. "होय तर, ह्यो नाशकाचोच." तो माझ्याकडे बघत राहिला. जाताना लिफ्टपाशी म्हणाला, "आईला तरी सांग रे. म्हातारी आहे."

मी नाही सांगितलं. भीतीची सवय होते. दातदुखीसारखी ती मागे पडलेली असते आणि मध्येच ठणका मारते.

मग आईने विषय काढला. तिला आता अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेले, नजर मात्र शाबूत. "माका ती वही बघूची आसा," म्हणाली. "तेंची सही, नि खाली तुझी. एकदा बघलंय की झाला."

मी घाट सांगितला, ऊन सांगितलं, गर्दी सांगितली. महामारीची दोन वर्षं तर माझ्या पथ्यावरच पडली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर जाऊ म्हटलं, तर तिने ते करून घेतलं. त्यासाठीच करून घेतलं, हे मला नंतर कळलं. शेवटी बायकोनेच गाडी ठरवली. "आईंना इतकी वर्षं झुलवताय," म्हणाली, "लाज वाटत नाही का हो?"

निघायच्या आठ दिवस आधी मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून नाशिकला फोन लावला. आमच्या गावाची वही कुणाकडे ते शोधून काढलं होतं. म्हटलं, गुरुजी, आमच्या घरची एक नोंद करायची राहिली आहे, मागच्या तारखेची. तेवढी घालून ठेवाल का?

"मागची कशी घालणार?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "वहीत एकाखाली एक येतं सगळं. मध्ये जागा सोडत नाही आम्ही. तुम्ही या, आजची आज लिहू."

फोन ठेवला. मी जिन्यात बसलो.

जाताना मी आणि आई दोघंच. ड्रायव्हर अबोल होता, ते बरं. घाटात आईने खिडकी उघडी ठेवली. मी मनात वाक्यं जुळवत होतो. इगतपुरी आली, वाक्य जुळलं नाही. नाशिकच्या हद्दीत शिरलो, नाही. रामकुंडावर उतरलो तेव्हा दहा वाजले असतील. मी जे इतकी वर्षं सांगत आलो ते सगळं तिथे होतं आणि मी सांगितलं तसं नव्हतं. कुंड माझ्या सांगण्यापेक्षा लहान. पायऱ्यांवर ओल्या साड्या, मुंडण झालेली डोकी, माईकवरची गाणी. नदीत उभा असलेला दुतोंड्या मारुती मात्र आईला फार आवडला. पूर आला की लोक त्याच्या अंगावरून पाणी मोजतात, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला आलं.

"देवाच्या आंगार पाणी मोजतत," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू तर उजव्या हाताक म्हणालंस. ह्यो डाव्या हाताक आसा."

"आपण दुसऱ्या बाजूने आलो," मी म्हणालो. तिने माझ्या हातातला हात काढून काठीवर ठेवला.

गुरुजींचं घर जवळच्या बोळात होतं. साठीचे गृहस्थ, सदरा, पायजमा. मी बोललो तेव्हा त्यांनी एकदा वर पाहिलं. आवाज ओळखला की नाही, कळलं नाही. गाव विचारलं, वाडी विचारली, आणि कापडात गुंडाळलेली एक लांबोडकी वही काढून पानं उलटायला लागले. मला आठवतं, पंखा चालू होता आणि ते प्रत्येक पान तळहाताने दाबून धरत होते. सापडूच नये, असं मी त्या देवांच्या गावात बसून मागत होतो.

सापडलं. पणजोबा, अंगठा. आजोबा, अंगठा. मग त्यांनी वडिलांचं वाचलं. अमुक गावचे, अमुक वाडीचे, वडिलांच्या अस्थी घेऊन आले. पत्नी. मुलगा एक, वय वर्षे सहा. मुलगी एक, तान्ही. खाली सही. काळ्या शाईत, आणि जोडाक्षरापाशी अडखळलेली.

आईने चष्मा पुसला. बोट सहीवर ठेवलं आणि बराच वेळ तिथेच राहिली. मग बोट खाली सरकलं. खाली लगेच आमच्या वाडीतल्या दुसऱ्या घराची नोंद सुरू होत होती.

"आणि तुझी खंय?"



गुरुजींनी पुढची दोन पानं पाहिली. "यांच्यानंतर या घरातून कुणी आलेलं दिसत नाही," ते म्हणाले. मग वडिलांच्या नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे सुखरूप आहेत ना?"

त्या वहीत ते जिवंत होते. इतकी वर्षं तिथे ते जिवंतच होते, कारण मी त्यांना पोचवलं नव्हतं.

"गेले," मी म्हणालो. "बारा वर्षं झाली. आई, मी तेव्हा इथे आलो नव्हतो."

ती माझ्याकडे वळली नाही. वहीकडेच बघत म्हणाली, "मगे खंय सोडलंस तेंका?"

"खाडीत. नाहूरच्या."

"पाणी होता?"

मी उत्तर द्यायच्या आत तिने पुढचं विचारलं.

"किती वाजलेले?"

सहा म्हणायचं होतं. मला गणित येत होतं. सहा म्हटलं की भरती, आणि भरती म्हटलं की सगळं मिटत होतं. खाडी काय नि गंगा काय, असं तिने स्वतःच म्हटलं असतं. शब्द जिभेवर आला होता. पण तिचं ते बोट अजून सहीच्या खाली होतं.

"साडेबारा," मी म्हणालो.

तिने बोट उचललं आणि अंगठ्याने दुसऱ्या हाताची पेरं मोजायला लागली. षष्ठी, सप्तमी, अष्टमी. ओठ हलत होते. आठ पाऊण सहा. बाराक ओहोटी. मग थांबली.

"चिखलात?"

"होय."

"काठाक?"

"होय."

"अष्टम म्हणजे भांग," ती स्वतःशीच म्हणाली. पुन्हा पेरं मोजायला लागली, सावकाश. नवमी, दशमी, एकादशी. मला कळलं ती कुठवर मोजणार ते. मी आजवर तिथवर मोजलं नव्हतं, मुद्दाम. द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी, पुनव. काठावर पाणी आलं असेल ते पुनवेला.

"सात दिस," ती म्हणाली. "धाव्याक आमी पिंड ठेवले, तेवा ते थंयच..."

गुरुजींनी वही आपल्याकडे ओढली. आजच्या कोऱ्या पानावर त्यांनी वडिलांचं नाव, गाव लिहून घेतलं होतं. "इथे विसर्जन नाही, तर तसंच लिहितो," ते हळू आवाजात म्हणाले. "जागा खाडी. तिथी सांगा."

"माघ शुद्ध अष्टमी," मी म्हणालो.

"अष्टम नको," आई म्हणाली. "पुनव लिवा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

"तेच्याकडे काय बघतास? पाणी इला त्या दिवशी गेले ते. पुनव लिवा."

त्यांनी लिहिलं. मी खाली सही केली. माझी सही बँकेत कधी चुकत नाही, ती तिथे ओळखू येत नाही अशी आली. मग गुरुजींनी मला कुंडावर नेऊन तीळ-पाणी सोडायला लावलं. पाण्यात उभा राहून मी पायऱ्यांकडे पाहिलं. आई पाठ करून बसली होती.

येताना ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. घरी बायकोने विचारलं, "झालं सगळं नीट?" आई म्हणाली, "झाला," आणि आत गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. सुनेशी, नातीशी, खालच्या भाजीवाल्याशी बोलायची. माझ्यासमोर ताट ठेवायची आणि स्वयंपाकघरात जायची. मी बायकोला एका दुपारी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचंत." मी घाबरून होतो. आई कधी बोलेल याची भीती होती आणि काय बोलेल याची त्याहून जास्त. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती पेरांवर दिवस मोजते आहे. मग मीही मोजायला लागलो.

आठव्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघायच्या घाईत बूट घालत होतो. ती देवापाशी बसली होती, पाठमोरी.

"गॅस बंद कर रे," ती म्हणाली. "दूध वर इला."